पेयादि क्रम आणि मोडशीची पेज

मोडशी, हगवण किंवा वांती यांतून उठलेल्या माणसास आधीं पेजेची निवळ, मग पेज, मग आटवल किंवा गुरगुट्या भात आणि सरतेशेवटीं नेहमींचें जेवण द्यावयाचें, असा क्रम कोंकणांत व देशावर अनेक घरांतून चालत आलेला आहे. हा क्रम केवळ बायकांच्या अनुभवांतून उपजला, कीं त्यास ग्रंथांचा कांहीं आधार आहे, असा प्रश्न संशोधकांनीं फारसा विचारलेला दिसत नाहीं. स्वयंपाकघरांतील गोष्ट म्हणून तिची उपेक्षा होते. आमच्या मतें ही उपेक्षा योग्य नाहीं. आणि पुढें दाखविल्याप्रमाणें, या प्रश्नाचें अर्धवट उत्तर देणें तर धोक्याचेंही आहे.

प्रथम मूळ पाहूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील उपकल्पनीय नामक पंधराव्या अध्यायांत, वमन देऊन शुद्ध केलेल्या रोग्यास कसें जेवूं घालावें, हें क्रमवार सांगितलें आहे. त्याच सायंकाळीं किंवा दुसऱ्या दिवशीं त्यास ऊन पाण्यानें स्नान घालून, जुन्या तांबड्या साळीच्या तांदळांची यवागू, आधीं तिची निवळ देऊन, कोमट अशी द्यावी. दुसऱ्या व तिसऱ्या अन्नकाळीं तेंच. चौथ्या अन्नकाळीं त्याच तांदळांची विलेपी. तींत तूप व मीठ मुळींच नसावें, किंवा असल्यास अगदीं थोडें. सातव्या अन्नकाळापासून मुगाच्या पातळ कढणाबरोबर भात. यांत थोडें तूप व मीठ येतें. दहाव्यापासून लावे, कपिंजल इत्यादि पक्ष्यांच्या मांसाचा रस. असे बारा अन्नकाळ झाल्यावर रोग्यानें सात रात्रींत आपल्या स्वाभाविक भोजनावर यावें. यासच पुढें संसर्जनक्रम किंवा पेयादि क्रम असें नांव रूढ झालें.

हाच विषय त्याच संहितेच्या सिद्धिस्थानांत पुन्हां येतो. मात्र तेथें त्याची मांडणी अधिक आंखीव आहे. पेया, विलेपी, न फोडणी दिलेला व फोडणी दिलेला यूष आणि मांसरस या पायऱ्या शुद्धि उत्तम, मध्यम किंवा कनिष्ठ असेल त्याप्रमाणें तीन, दोन किंवा एक अन्नकाळ चालवाव्या, असें तें प्रमाण आहे. सिद्धिस्थान हा भाग दृढबलानें पुरा केलेला आहे, हें वाचकांस विदित आहेच. अर्थात् पहिला अध्याय एका रोग्याच्या खाटेशीं बसून सांगितल्यासारखा, तर दुसरा नियमांचें कोष्टक केल्यासारखा, असा जो फरक दिसतो, तो ग्रंथाच्या दोन थरांचा असणें संभवनीय वाटतें. या दुसऱ्या ठिकाणीं दिलेला दृष्टान्त मार्मिक आहे: बारीकसा विस्तव जसा गवत व गोवऱ्या यांनीं हळूहळू फुलवावा लागतो, तसा शुद्धीनंतरचा जठराग्नि पेयादिकांनीं फुलवावा. एकदम मोठें लांकूड टाकिलें तर विस्तव विझतो, हें चुलीपुढें बसणाऱ्या कोणासही सांगावें लागत नाहीं.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. हें सर्व वैद्यानें मुद्दाम वमन-विरेचन दिलेल्या माणसाचें झालें. आपोआप जुलाब-वांती झालेल्या माणसाशीं त्याचा संबंध काय? याचें उत्तर विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायांत मिळतें. तेथें आमदोषाचे विसूचिका व अलसक असे दोन प्रकार सांगून, विसूचिकेंत प्रथम लंघन व त्यानंतर विरेचन दिलेल्या माणसाप्रमाणेंच सर्व अनुक्रम ठेवावा, असें थोडक्यांत म्हटलें आहे. या एका लहानशा वाक्यानें पंचकर्माचा क्रम आजाऱ्याच्या पथ्यास जोडला जातो. वैद्यानें रिकामें केलेलें पोट व रोगानें रिकामें केलेलें पोट यांस ग्रंथकारानें एकाच पंक्तीस बसविलें आहे. आमच्या प्रश्नास हेंच वाक्य निर्णायक आहे.

आतां पदार्थांकडे वळूं. सुश्रुतानें यांतील भेद शितांवरून केला आहे: ज्यांत शीत नाहीं तो मंड, शितांसह ती पेया, शितें पुष्कळ ती विलेपी. वैद्यकांतील एका प्रसिद्ध परिभाषेप्रमाणें अन्न पांचपट, विलेपी चौपट, यवागू सहापट व मंड चौदापट पाण्यांत शिजवावा. विलेपीस भाताहून कमी पाणी कसें, असा प्रश्न येथें पडतो. परंतु भाताचें जादा पाणी वेळून काढावयाचें व विलेपीचें तिच्यांतच आटवावयाचें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांत विरोध राहत नाहीं. मंड म्हणजे आमची निवळ, पेया म्हणजे पेज, विलेपी म्हणजे आटवल, अशी जोडी सहज लागते. पेज हा शब्दच संस्कृत पेया, प्राकृत पेज्जा यांवरून आलेला आहे. तेव्हां नांव व क्रम हीं दोन्ही एकत्र उतरलीं, असें म्हणण्यास हरकत दिसत नाहीं.

हें ज्ञान एकाच ग्रंथांत कोंडलेलें नव्हतें. चरकाच्या सूत्रस्थानांतील दुसऱ्याच अध्यायांत अठ्ठावीस यवागू दिल्या आहेत. सन १८९० त मध्य आशियांत कुचा येथें बॉवर यास मिळालेल्या व पुढें हर्नले यांनीं छापलेल्या भूर्जपत्रांच्या पोथींतील नावनीतक ग्रंथांत यवागूंचें स्वतंत्र प्रकरण आहे. आमच्या बाजूस पाहतां, तंजावरच्या एकोजीची राणी दीपाबाई हिच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त यानें भोजनकुतूहल हा ग्रंथ रचला. त्याचा ग्रंथरचनेचा काळ १६७५ ते १७१२ असा कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं ठरविला आहे. मराठी घराण्यांत आहारशास्त्राचा व्यासंग कोठवर होता, याची ही एक साक्ष होय.

परकीयांची साक्षही उपलब्ध आहे. गोव्यांत राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानें १५६३ त गोव्यासच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथांत या रोगाचें एतद्देशीय नांव मोर्शी असें दिलें आहे; ती आमची मोडशीच होय. याच शब्दाचें पोर्तुगिजांनीं मोर्देशीं केलें, आणि पुढें फ्रेंचांनीं त्याचें ‘कुत्र्याचें मरण’ अशा अर्थाचें रूप करून घेतलें. येथील वैद्य रोग्यास मिरें व जिरें घातलेलें भाताचें पाणी पाजतात व त्यास कांजी म्हणतात, तसेंच पायास डाग देतात, असें ओर्ता लिहितो. हें भाताचें पाणी त्यानें रोग चालू असतांनाच्या उपचारांत सांगितलें आहे, रोग गेल्यावरच्या पथ्यांत नव्हे, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. चरकाच्या अनुक्रमाहून लोकांचा व्यवहार येथें निराळा झालेला दिसतो. मात्र ओर्ताची मोडशी किंवा चरकाची विसूचिका प्रत्येक वेळीं आजची पटकीच होती, असें नुसत्या नांवावरून ठरवितां येणार नाहीं. पटकीचा जंतु पाचिनी यानें १८५४ त पाहिला व कोख यानें १८८४ त कलकत्त्यास वेगळा काढिला. त्यापूर्वींच्या नांवांत अनेक रोग एकत्र झालेले असणार.

येथें एका मताचा परामर्श घेणें आम्हांस अवश्य वाटतें. आजची जलसंजीवनी आमच्या पूर्वजांस ठाऊकच होती, ती म्हणजे आमची पेज, असें अभिमानानें म्हटलें जातें. ग्रंथ तसें म्हणत नाहींत. चरकाची विलेपी मिठावांचून किंवा अल्प मिठाची आहे. जलसंजीवनींत मीठ हाच मुख्य भाग असून, २००२ पासूनच्या प्रमाणांत एक लिटर पाण्यास २.६ ग्रॅम मीठ व १३.५ ग्रॅम द्राक्षशर्करा पडते. पेयेचा हेतु अग्नि फुलविण्याचा, जलसंजीवनीचा हेतु शरीरांतून गेलेलें पाणी व क्षार भरून काढण्याचा. आणि मुख्य भेद वेळेचा: ग्रंथांत आधीं लंघन आहे, तर आज जुलाब चालू असतांनाच पाजणें सुरू करावयाचें असतें. कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनीं १९५३ त १८६ रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. १९७१ त बनगांवच्या निर्वासित छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ-साखरेचें पाणी पिंपांतून वांटलें. तेव्हां शेंकडा ३० च्या आसपास असलेलें मृत्युमान त्यांच्या रोग्यांत ३.६ वर आलें. लंघनाचा अर्थ पाणी बंद करणें असा घेतला असता, तर त्यांतील किती जण वांचले असते, याचा विचार अभिमान्यांनीं करावा.

तथापि तांदळाचा मान यानें कमी होत नाहीं. डाक्का येथील संशोधकांनीं १९८२ त द्राक्षशर्करेच्या जागीं तांदळाचें पीठ घालून पाहिलें, व तें पटकीच्या रोग्यांस उपयोगी पडलें. तांदळांतील पिष्ट आंतड्यांत शर्करा होऊन मिठाबरोबर पाणी शोषून घेण्यास मदत करतें, हें त्याचें कारण. परंतु तें मिठासह व मोजून दिलेलें होतें. ओर्तानें पाहिलेला व्यवहार यास चरकाच्या क्रमापेक्षां जवळचा आहे, एवढेंच आम्ही म्हणूं.

एकंदरींत निर्णय असा. मोडशीनंतर पेजेपासून भातापर्यंत हळूहळू चढण्याचा घरगुती क्रम सशास्त्र व प्राचीन आहे, आणि त्याचा धागा विमानस्थानांतील त्या एका वाक्यांतून येतो. पोट पुन्हां कामास लावण्याची ती रीति होय. रोग चालू असतांना जीव वांचविण्याची नव्हे. पूर्वजांस त्यांचें द्यावें, त्यांचें नसलेलें त्यांच्या पदरीं बांधूं नये.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. जुन्या बाडांत स्तोत्रें, हिशेब व औषधें यांच्या मध्यें कोठेंतरी ‘पहिले दिवशीं निवळ, दुसरे दिवशीं पेज’ अशासारख्या पथ्याच्या ओळी येतात. त्यांस ग्रंथनाम नसतें, कर्ता नसतो. म्हणून सूचि करतांना त्या गळतात. त्यांची नोंद पान, गांव व शक यांसह करून ठेवावी. तांदूळ कोणता, मीठ केव्हां, पाणी किती, एवढें जरी त्यांत सांपडलें, तरी ग्रंथ व घर यांमधील जें अंतर आज आम्ही ओर्ताच्या एका साक्षीवर मोजीत आहों, तें मोजण्यास आमचीं स्वतःचीं साधनें मिळतील.