न्यूरोब्लास्टोमा, नवजात अर्भकांतील
अनुकंपी तंत्रिका तंत्राच्या अपक्व कोशिकांपासून उद्भवणारे मारक अर्बुद. ते बहुधा मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीत सुरू होते. मोठ्या मुलांत अनेकदा प्राणघातक ठरणारा हा रोग नवजात अर्भकांत पुष्कळदा आपोआप मावळतो. ही विसंगती जसजशी ध्यानात आली, तसतशी उपचारांची दिशा बदलत गेली.

विल्यम पेपर यांनी १९०१ मध्ये यकृतात पसरलेल्या अशा अर्बुदांचे अर्भकांतील वर्णन केले. १९१० मध्ये जेम्स होमर राइट यांनी अर्बुदाचे तंत्रिकीय मूळ दाखवून त्यास सध्याचे नाव दिले. १९६३ मध्ये बेकविथ व पेरिन यांना इतर कारणांनी दगावलेल्या तान्ह्या अर्भकांच्या शवपरीक्षेत अधिवृक्क ग्रंथीतील सूक्ष्म अर्बुदे आढळली. त्यांचे प्रमाण प्रत्यक्ष रोगाच्या प्रमाणाहून कितीतरी अधिक होते. १९७१ मध्ये ऑड्री एव्हान्स व सहकाऱ्यांनी ‘चार-एस’ अवस्था वेगळी काढली. तीत मूळ अर्बुद लहान असून रोग यकृत, त्वचा वा अस्थिमज्जेत पसरतो, तरीही बहुसंख्य अर्भके बचावतात.

जपानने सहा महिन्यांच्या अर्भकांची मूत्रतपासणी देशभर सुरू केली. रोगी अधिक सापडले. परंतु कॅनडा व जर्मनी येथील अशाच तपासण्यांनी मृत्यू घटत नसल्याचे २००२ मध्ये दिसून आले आणि जपानने ती योजना थांबविली. आपोआप मावळणाऱ्या अर्बुदांवर अनावश्यक उपचार होत होते.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात अधिवृक्क ग्रंथीत लहान गाठ असलेल्या ८३ अर्भकांना केवळ निरीक्षणाखाली ठेवण्यात आले. त्यांपैकी ८१ टक्के अर्भकांची शस्त्रक्रिया टळली. मात्र ‘मायसीएन’ जनुकाच्या प्रती वाढलेल्या असल्यास रोग उग्र असतो व तीव्र उपचार करावे लागतात. यकृत फुगून श्वसनास अडथळा झाल्यास सौम्य रासायनी चिकित्सा तातडीने द्यावी लागते.

निरीक्षण म्हणजे उपेक्षा नव्हे. त्यात श्राव्यातीत ध्वनिचित्रण व मूत्रपरीक्षा ठराविक काळाने पुनःपुन्हा कराव्या लागतात. १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय मुंबईत आहे. मराठवाड्यातील कुटुंबास तेथे वारंवार जाणे परवडणारे नसते. म्हणून विष्णुपुरी (नांदेड) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या जवळच्या संस्थेत नियमित तपासणी होणे महत्त्वाचे ठरते. ती खंडित झाल्यास शस्त्रक्रिया टाळण्याचा निर्णयच धोक्याचा होतो.