मार्कंडा, सिनेमास्कोप आणि ३४ इंच

"अल्ट्रावाइड घ्यावा का?" हा प्रश्न हल्ली लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो. दिवसा कोड, रात्री गेम, दोन्हीला स्क्रीन एकच आणि पैसे एकदाच घालवायचे. मॉडेलचं नाव सांगून मोकळं होता येईल, पण मॉडेलं वर्षभरात बदलतात. चौकटीचा आकार मात्र सव्वाशे वर्षांच्या भानगडींतून आलाय. तो इतिहास कळला की निवड बरीच सोपी होते.

१८९० च्या दशकात एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सनने ३५ मिलिमीटर फिल्मवर चार छिद्रांएवढ्या उंचीची चौकट ठरवली. रुंदी-उंची ४:३. टीव्हीने तीच उचलली आणि कॉम्प्युटरच्या जुन्या डबड्या मॉनिटरनेही. पुढे अमेरिकेत लोक घरीच टीव्ही बघत बसायला लागले आणि थिएटरवाल्यांच्या पोटात गोळा आला. घरी मिळणार नाही असं काहीतरी द्यायला हवं! १९५३ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने 'द रोब' हा सिनेमास्कोपमधला पहिला चित्रपट आणला. खास भिंगाने चित्र आडवं दाबून फिल्मवर घ्यायचं आणि पडद्यावर पुन्हा ताणायचं, अशी ती युक्ती. आपल्याकडे हा मान गुरुदत्तच्या 'कागज के फूल'चा (१९५९), कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा. चित्रपट तेव्हा आपटला, आकार मात्र टिकला.

१९८० च्या दशकात नव्या टीव्हीसाठी चौकट ठरवताना जुनं ४:३ आणि रुंद सिनेमा, दोन्ही बऱ्यापैकी बसतील असा मधला आकार निघाला: १६:९. गंमत बघा, ४/३ चा वर्ग केला की १६/९ येतो आणि घन केला की ६४/२७, म्हणजे २.३७. बाजारात ज्याला '२१:९' म्हणतात तो खरं तर हाच! फिलिप्सने २००९ मध्ये या आकाराचा ५६ इंची टीव्ही काढला, तो काही रुजला नाही. २०१२ मध्ये एलजीने तोच आकार, तेच २५६० बाय १०८० पिक्सेल, २९ इंची मॉनिटरमध्ये बसवून टेबलावर आणला.

थोडक्यात काय, हा आकार जन्मला तो पडद्यापासून लांब, खुर्चीत रेलून बसणाऱ्या प्रेक्षकासाठी. आपण बसतो ६० सेंटिमीटरवर.

चामोर्शीचा माझा धाकटा मामेभाऊ घरूनच काम करतो. त्याने फोनवर विचारलं, "दादा, ४९ इंची घेऊन टाकू का जी?" किंमत त्याच्या दोन पगारांएवढी. त्याला म्हटलं, आपलं मार्कंडा आठव. वैनगंगा उत्तरेकडे वळते तिथलं देऊळ, महाशिवरात्रीची जत्रा. त्या देवळाच्या बाहेरच्या भिंतींवर मूर्तींचे आडवे पट्टे आहेत, एकावर एक, कोपऱ्याकोपऱ्यांतून वळत गेलेले. हजारेक वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी तो पट्टा एका जागी उभं राहून बघायला केलेलाच नाही. तो चालत बघायचा असतो. तिथे पाय फिरतात, थिएटरात अंतर असतं, टेबलाशी मात्र सगळा भार मानेवर!

आता आकडे. इंच कर्णात मोजतात, त्यामुळे ते फसवतात. ३४ इंची अल्ट्रावाइडची उंची साधारण १३ इंच, म्हणजे साध्या २७ इंचीएवढीच. २९ इंची घेतलात तर उंची २३ इंचीची. म्हणजे २७ वरून २९ वर 'मोठा' म्हणून गेलात, तर उंची चक्क कमी होते. ६० सेंटिमीटरवरून सपाट २७ इंची डोळ्यांपुढचा सुमारे ५३ अंश व्यापतो, ३४ इंची ६७, आणि ४९ इंची थेट ९०. नव्वद अंशांत दोन्ही कडा वाचायच्या म्हणजे मान हलणारच. पडदा वक्र असला की कडा जरा जवळ येतात, पण मान वाचत नाही.

गेमचं काय? रेसिंग, विमानं, मोकळ्या जगातले गेम यांत बाजूचं जास्त दिसतं, मजा येते. पण 'स्टारक्राफ्ट २', 'एल्डन रिंग' असे गेम १६:९ च्या बाहेर जात नाहीत, कडेला काळे पट्टे. शिवाय २५६० बाय १४४० वरून ३४४० बाय १४४० वर गेलात की पिक्सेल ३४ टक्क्यांनी वाढतात. ग्राफिक्स कार्ड जुनं असेल तर घाम फुटेल. कामात कोड आणि ब्राउझर शेजारी-शेजारी छान मावतात, ओळी मात्र वाढत नाहीत. मीटिंगमध्ये पूर्ण स्क्रीन शेअर केलात तर समोरच्याला बारीक पट्टीच दिसते. :-)

मामेभावाने शेवटी ३४ इंची घेतला, उरलेल्या पैशांत चांगली खुर्ची. मला विचाराल तर क्रम असा: आधी टेबलाची खोली मोजा, मग मॉनिटरची उंची बघा, मग रोजचे तीन गेम तपासा, आणि कर्णाचे इंच सर्वात शेवटी. टेबल ६० सेंटिमीटरपेक्षा उथळ असेल तर सरळ २७ इंची घ्या. रुंदीची हौस भागवायला मार्कंडा आहेच, तिथे चालायला जागाही भरपूर आहे.