लांबवलेली कॉफी : एस्प्रेसो आणि पाणी यांची कुळकथा

पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढते, आणि वाढलेल्या पाण्याची आमटी कितीही फोडणी दिली तरी पहिल्यासारखी लागत नाही, हे स्वयंपाकघरातले जुने ज्ञान आहे. कॉफीच्या बाबतीत मात्र पाणी वाढवण्याच्या निरनिराळ्या तऱ्हांतून निरनिराळी पेये जन्मली, त्यांना देशोदेशी वेगळी नावे पडली आणि प्रत्येक नावाचे अभिमानीही तयार झाले. अमेरिकानो, लाँग ब्लॅक, लुंगो, काफे क्रेमा, व्हिएन्नातला फरलेंगर्टर या सर्वांत घटक दोनच, कॉफी आणि पाणी. भेद एवढाच, की वाढीव पाणी कॉफीच्या भुकटीतून जाते की तिला वळसा घालून थेट पेल्यात येते, आणि वळसा घालून आलेच तर ते आधी येते की नंतर. दिसायला क्षुल्लक असलेल्या या भेदामागे यंत्राचा इतिहास आहे, आणि तो लक्षात घेतल्याखेरीज या पेयांच्या प्रचलित जन्मकथा नीट पारखता येत नाहीत.

‘एस्प्रेसो’ या इटालियन शब्दात तीन अर्थ एकमेकांत मिसळले आहेत : दाबून काढलेले, वेगाने केलेले, आणि खास मागणाऱ्यासाठी त्याच वेळी केलेले. जलद गाडीला ‘एक्सप्रेस’ म्हणण्यात जो अर्थ आहे तोही त्यात आहे, त्यामुळे मराठीत सर्रास ऐकू येणारा ‘एक्सप्रेसो’ हा उच्चार अशुद्ध असला तरी अगदीच निराधार नाही. तूरिन येथील आंजेलो मोरिओंदो याने १८८४ मध्ये वाफेच्या साहाय्याने कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. परंतु त्याचे यंत्र एका वेळी बरीच कॉफी एकत्र उतरवणारे होते. एकेका गिऱ्हाइकासाठी एकेक पेला करून देणारे यंत्र मिलानच्या लुईजी बेत्सेरा याने १९०१ मध्ये पेटंटसाठी मांडले, आणि त्या पेटंटाचे हक्क विकत घेऊन देसिदेरिओ पाव्होनी याने ते बाजारात आणले. या यंत्रांच्या उभ्या पितळी बंबात कोंडलेली वाफ गरम पाण्याला भुकटीतून ढकलत असे. तो दाब वातावरणाच्या दाबाच्या दीडपटीच्या आसपास, म्हणजे आजच्या मानाने अगदीच बेताचा होता. पाणी मात्र उकळीच्या जवळ असल्यामुळे कॉफी पुष्कळदा करपट लागे, आणि तिच्यावर आजच्या एस्प्रेसोची ओळख बनलेला दाट फेस नसे.

येथे एका मराठी अनुभवाची नोंद प्रस्तुत ठरते. लग्नाच्या स्वागतसमारंभात मांडवाच्या कडेला फुसफुसणाऱ्या यंत्राची नळी दूध, साखर आणि झटपट कॉफीच्या पेल्यात बुडवून वाफेने फेस काढतात, वर चिमूटभर कॉफीची किंवा चॉकलेटची पूड भुरभुरवतात, आणि त्या पेयाला महाराष्ट्रातच नव्हे, तर भारतभर ‘एस्प्रेसो कॉफी’ म्हणतात. त्यात भुकटीतून दाबून काढलेले काहीच नसते. शब्द येथे आला तो यंत्राच्या आवाजाबरोबर आणि वाफेबरोबर. दाब मागेच राहिला. पुढे कॅफेंच्या साखळ्या आल्यावर ‘एस्प्रेसो’ मागणाऱ्याच्या पुढ्यात बोटभर उंचीची कडू कोरी कॉफी येऊ लागली, तेव्हा उडालेल्या गोंधळाचे मूळ या अर्धवट स्थलांतरात आहे.

दाब वाढवण्याचे श्रेय मिलानच्याच आकिल्ले गाज्जा याला जाते. त्याचे पहिले पेटंट १९३८ चे. पण स्प्रिंग आणि दट्ट्या असलेले तरफेचे यंत्र व्यवहारात आले ते युद्ध संपल्यावर, १९४८ च्या सुमारास. तरफ खाली ओढली की स्प्रिंग आवळली जाई, आणि सोडल्यावर ती दट्ट्याला रेटून गरम पाणी वातावरणाच्या आठ-नऊपट दाबाने भुकटीतून काढी. या दाबामुळे भाजलेल्या कॉफीतला कार्बन डायऑक्साइड वायू आणि तेलाचे सूक्ष्म थेंब पेयात मिसळून वर तांबूस-सोनेरी थर साचू लागला. त्याला इटालियनांनी ‘क्रेमा’, म्हणजे साय, हे नाव दिले. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ‘ई ६१’ या यंत्राने हाताच्या जोराऐवजी विजेचा पंप आणला आणि नऊ बारचा दाब हा पुढे रूढ दंडक झाला. इटलीत या पेयाचे प्रमाणीकरण करणाऱ्या संस्थेच्या व्याख्येत सुमारे ७ ग्रॅम कॉफी, २५ सेकंद आणि २५ मिलिलिटर पेय अशी मापे दिलेली आहेत.

आता अमेरिकानोची सर्वत्र सांगितली जाणारी जन्मकथा तपासता येते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत उतरलेल्या अमेरिकन सैनिकांना तेथील कॉफी सोसेना, म्हणून ते तिच्यात गरम पाणी घालून घरच्या कॉफीसारखी पातळ करून पीत आणि त्यांच्यावरून या पेयाला अमेरिकानो हे नाव पडले, अशी ती कथा आहे. दोस्तांच्या फौजा सिसिलीत उतरल्या जुलै १९४३ मध्ये आणि रोम पडले जून १९४४ मध्ये. त्या वेळी गाज्जाची यंत्रे उपाहारगृहांत पोचलेली नव्हती, म्हणजे सैनिकांनी जी कॉफी पातळ केली असेल ती वाफेच्या यंत्रातली, सायीवाचूनची कॉफी होती. शिवाय युद्धकाळातल्या इटलीत खरी कॉफी दुर्मीळ होऊन चिकोरी आणि भाजलेले सातू यांवर लोक भागवत होते, तर अमेरिकन सैनिकांच्या शिध्यात पाण्यात विरघळणारी कॉफी होतीच. याच मोहिमेत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी लढल्या, नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ मधील आणि शिपाई नामदेव जाधव यांना १९४५ मधील पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण चहा पिणाऱ्या त्या पलटणींचे नाव तेथील एखाद्या पेयाला चिकटण्याचे कारण नव्हते. सैनिकांची कथा त्यामुळे खोटी ठरते असे नाही. आजचा अमेरिकानो मात्र तिच्यातून सरळ उतरलेला दिसत नाही. पेला आणि सवय जुनी असेल, परंतु आज त्यात जे ओतले जाते ते गाज्जानंतरचे आहे.

नावापुरती मात्र ही कथा एक खरी खूण जपते. समाज आपल्या रोजच्या पेयाला सहसा स्वतःच्याच देशाचे नाव देत नाही. ते नाव परक्याने, बहुधा किंचित तिरकसपणे, दिलेले असते. इटलीत ‘काफे’ एवढे म्हटले की एस्प्रेसोच मिळते आणि पातळ कॉफीला ‘आक्वा स्पोर्का’, गढूळ पाणी, म्हणून हिणवले जाते. मराठीत यासाठी ‘फुळकवणी’ हा त्याहून नेमका शब्द आहे. ‘काफे अमेरिकानो’ म्हणजे इटालियनांच्या लेखी अमेरिकनांना आवडते तशी कॉफी, आणि याच नावाने तेथे कधी कधी गाळणीची कॉफीही ओळखली जाते. त्यात पुन्हा ‘अमेरिकानो’ हे कांपारी, गोड व्हर्मूथ आणि सोडा यांच्या लाल मद्यमिश्रणाचेही नाव असल्यामुळे, इटलीत संध्याकाळी नुसते ‘अमेरिकानो’ मागणाऱ्यापुढे कॉफीच येईल याची खात्री नसते.

लाँग ब्लॅकची वंशावळ इतकी धूसर नाही. युद्धानंतर इटालियन स्थलांतरितांचा मोठा ओघ ऑस्ट्रेलियाकडे गेला, त्यांच्यामागून तरफेची यंत्रे गेली, आणि मेलबर्नच्या बर्क स्ट्रीटवरचे, १९५४ मध्ये उघडलेले पेलेग्रिनीज हे एस्प्रेसो बार त्या काळाची साक्ष देत आजही उभे आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या गिऱ्हाइकाने इटालियन नावांऐवजी साधा हिशेब केला : बिनदुधाची ती ‘ब्लॅक’, आखूड पेल्यातली ‘शॉर्ट’ आणि लांबवलेली ‘लाँग’. शॉर्ट ब्लॅक म्हणजे एस्प्रेसोच, आणि लाँग ब्लॅक हा तिचा जोडशब्द. व्हिएन्नाच्या ‘फरलेंगर्टर’चा आणि फ्रेंच ‘आलोंझे’चा शब्दार्थही ‘लांबवलेला’ असाच आहे. चहाला ‘कटिंग’ म्हणणाऱ्या मुंबईकराला पेयाचे नाव मापावरून पडण्यात काही नवल वाटू नये.

अमेरिकानो आणि लाँग ब्लॅक यांतला फरक पेला जवळून पाहिल्यावरच कळतो. अमेरिकानोच्या रूढ पद्धतीत एस्प्रेसो आधी पेल्यात उतरते आणि वरून गरम पाणी पडते. पाण्याची धार सायीच्या थराला भोक पाडते, थर फाटून त्याचे तुकडे कडेला सरकतात, फिके होतात आणि थोड्याच वेळात पेल्याच्या काठाला पिवळसर कंगोरा तेवढा उरतो. लाँग ब्लॅकमध्ये पेल्यात आधी गरम पाणी असते, बहुधा शंभर मिलिलिटरच्या आसपास, आणि त्यावर दुहेरी एस्प्रेसो अलगद उतरवतात, किंवा पेला थेट यंत्राच्या तोटीखालीच धरतात. तपकिरी धार पाण्यात खाली जाते, वर पसरते, आणि साय अखंड तरंगत राहते. वास सायीत कोंडलेला असल्यामुळे पहिला घोट नाकाला जास्त जाणवतो, आणि पाणी कमी असल्याने पेय दाटही लागते.

सायीचे कौतुक करताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही : ती नुसती चाखली तर कडवट आणि कोरडी लागते. भुकटीचे अतिसूक्ष्म कण तिच्यात अडकलेले असतात, म्हणून काही जाणकार अमेरिकानोवरची साय चमच्याने काढून टाकतात आणि उरलेले पेय अधिक स्वच्छ लागते असा त्यांचा अनुभव आहे. तेव्हा लाँग ब्लॅक श्रेष्ठ आणि अमेरिकानो म्हणजे बिघडलेली लाँग ब्लॅक, हा कॅफेंतला समज प्रमाण मानण्याचे कारण नाही. दोन्हींत कॉफी आणि पाणी यांचे प्रमाण सारखे ठेवून नीट ढवळले तर उरणारा फरक अगदी थोडा असतो. प्रत्यक्षात जाणवणारा पुष्कळसा फरक पाण्याच्या मापाचा असतो.

खरा चवीचा दुभाजक दुसरीकडे, लुंगोपाशी आहे. ‘लुंगो’ म्हणजेही लांबच. पण येथे वाढीव पाणी पेल्यात मिसळत नाही, तेवढ्याच भुकटीतून ते काढले जाते, आणि २५ ऐवजी ५०-६० मिलिलिटर पेय उतरते. दाबलेल्या भुकटीच्या वडीतून पाणी जाताना आधी आंबटपणा आणि फळांसारखे वास सुटतात, मग गोडवा, आणि शेवटी कडू व तुरट द्रव्ये येतात. एस्प्रेसो तेथपर्यंत पोचण्याआधी थांबवली जाते आणि लुंगो त्यांना सोबत घेऊन येते. चहाचा चोथा पुन्हा उकळला की रंग उतरतो पण चव साथ सोडते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून लुंगो अमेरिकानोपेक्षा आकाराने लहान असूनही अधिक कडू लागू शकते. स्वित्झर्लंड आणि जर्मनीतल्या काफे क्रेमामध्ये हेच तत्त्व आणखी ताणले जाते, पेला भरेपर्यंत सगळे पाणी भुकटीतूनच काढतात. मात्र त्यासाठी दळण मुद्दाम जाडसर ठेवतात, म्हणजे पाणी झरझर निघून जाते आणि कडूपणा आटोक्यात राहतो. दळण न बदलता एस्प्रेसोच लांबवत नेणे हा काटकसरीचा मार्ग आहे, चवीचा नव्हे.

पाण्याने पातळ केलेली एस्प्रेसो आणि गाळणीची कॉफी एकच, असाही समज आहे, आणि मोजमापाने पाहिले तर त्याला आधार सापडतो. दुहेरी एस्प्रेसो ४० ग्रॅम उतरली आणि तिच्यात ९ टक्के द्रव्ये विरघळलेली आहेत असे धरले, तर ती ३.६ ग्रॅम होतात. त्यात २०० ग्रॅम पाणी घातले की हे प्रमाण दीड टक्क्यावर येते, आणि गाळणीच्या कॉफीचे प्रमाणही साधारण सव्वा ते दीड टक्का असते. तीव्रता अशी जुळली तरी चव जुळत नाही, कारण कागदी गाळणी तेल आणि बारीक कण अडवून ठेवते, तर एस्प्रेसोच्या धातूच्या चाळणीतून ते पेल्यात येतात आणि पातळ केल्यावरही जिभेवर थोडा जडपणा ठेवून जातात. उलट, पाणी मिसळल्याने काही वास प्रथमच उमगतात. हिंगाचा खडा हुंगला तर नाक मिटते, पण फोडणीत पसरलेला तोच हिंग ओळखू येतो, तसे एस्प्रेसोच्या घट्टपणात दबलेले वास अमेरिकानोत सुटे होतात. कॅफीन मात्र पाण्याने घटत नाही.

अमेरिकानोला जागतिक पेय बनवले ते सैनिकांनी नव्हे, सिअॅटलने. १९८३ मध्ये मिलानचे बार पाहून आलेल्या हॉवर्ड शुल्ट्झ यांनी १९८६ मध्ये ‘इल जोर्नाले’ नावाचे दुकान काढले, आणि १९८७ मध्ये सिअॅटलचीच स्टारबक्स ही साखळी विकत घेऊन तिचा विस्तार केला. घरी मोठा पेला भरून कॉफी पिणाऱ्या गिऱ्हाइकाला एस्प्रेसोच्या यंत्रातून तसाच पेला भरून देण्याचा अमेरिकानो हा सर्वांत सोपा मार्ग होता. त्या साखळीने १९९९ मध्ये दक्षिण कोरियात पाऊल ठेवले. आज तेथे बर्फ घातलेला अमेरिकानो इतका घरोघरी झाला आहे की त्याच्या दोन शब्दांची आद्याक्षरे घेऊन त्याला नुसते ‘आ-आ’ म्हणतात, आणि थंडीने गोठून मेलो तरी बर्फाचाच पिणार अशा लोकांसाठीही एक लघुनाम प्रचारात आहे. मुंबईत हॉर्निमन सर्कलजवळ या साखळीचे भारतातले पहिले दुकान ऑक्टोबर २०१२ मध्ये उघडले, आणि मिलानच्या पियात्सा कोर्दूसिओतल्या जुन्या टपाल कचेरीच्या इमारतीत ती पोचली सप्टेंबर २०१८ मध्ये.

मिलानच्या साध्या बारमध्ये मात्र कॉफीचा अमेरिकानो मागणाऱ्यापुढे आजही अनेकदा मोठा पेला, त्याच्या तळाशी एस्प्रेसो, आणि शेजारी गरम पाण्याची छोटी किटली ठेवली जाते. पाणी किती घालायचे ते ज्याचे त्याने पाहावे. बारवाला आपल्या हाताने ते ओतत नाही.