लंडनची धुराडी आणि त्वचेच्या कर्करोगाचा शोध
अठराव्या शतकातील लंडनमध्ये घरोघरी दगडी कोळसा जळत असे आणि त्याचा धूर नीट ओढला जावा म्हणून धुराडी इतकी अरुंद व वळणावळणाची बांधली जात, की आतली काजळी खरवडण्यासाठी मोठ्या माणसाला त्यांत शिरणे अशक्य होई. या अडचणीवर त्या काळाने काढलेला स्वस्त तोडगा म्हणजे लहान मुले. गरीब व अनाथ मुलांना उमेदवार म्हणून मालकाच्या हवाली केले जाई. पाच-सहा वर्षांचा मुलगा कोपरे व गुडघे भिंतीला रेटत वर चढे, कपडे अडकू नयेत म्हणून पुष्कळदा उघड्या अंगानेच चढे आणि रात्री काजळीच्याच पोत्यांवर झोपे. काजळी खत म्हणून विकली जात असल्याने मालकाला तिची किंमत होती, पण मुलांच्या अंघोळीची काळजी क्वचितच कोणी घेई.

या मुलांपैकी काहींना वयात आल्यानंतर वृषणकोशाच्या त्वचेवर चामखिळीसारखी गाठ येई, ती चिघळे आणि पुढे वृषणात व पोटात पसरे. वैद्य तो गुप्तरोग समजून पाऱ्याचे उपचार करीत. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी 1775 मध्ये हा समज खोडून काढला आणि त्वचेच्या घड्यांत अडकून राहणारी काजळी हेच या कर्करोगाचे कारण असल्याचे प्रतिपादन केले. कर्करोग हा शरीरांतर्गत दोषांचा विकार मानला जात असताना, विशिष्ट धंद्यातील विशिष्ट पदार्थाकडे बोट दाखवणारे हे पहिले ठळक निदान होते.

निदान झाले तरी धंद्याची रीत बदलायला शंभर वर्षे लागली. 1788 च्या कायद्याने आठ वर्षांखालील मुलांना उमेदवार म्हणून घेण्यास मनाई केली, 1840 च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील कोणालाही धुराड्यात चढवण्यास बंदी घातली. परंतु अंमलबजावणीची यंत्रणाच नसल्याने दोन्ही कायदे बहुतांशी कागदावर राहिले. 1875 मध्ये जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा केंब्रिजजवळ धुराड्यात अडकून मेल्यावर लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या प्रयत्नांतून नवा कायदा झाला आणि या धंद्यासाठी पोलिसांकडून परवाना घेणे बंधनकारक ठरले. पुढे 1892 मध्ये हेन्री बटलिन यांनी इंग्लंड व युरोप खंडातील कामगारांची तुलना केली, तेव्हा अंगाबरोबर बसणारा पोशाख घालणाऱ्या आणि रोज सर्वांग धुणाऱ्या जर्मन व बेल्जियन कामगारांत हा रोग जवळजवळ आढळत नसल्याचे स्पष्ट झाले.

काजळीतील नेमका कोणता घटक घातक, हा प्रश्न मात्र प्रयोगशाळेची वाट पाहत होता. टोकियोत कात्सुसाबुरो यामागिवा आणि कोइची इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने कोळशाचे डांबर चोळून 1915 मध्ये प्रथमच कृत्रिमरीत्या त्वचेचा कर्करोग निर्माण केला. लंडनमध्ये अर्नेस्ट केनवे यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दोन टन डांबराचा गाळ शुद्ध करत 1933 मध्ये त्यातून बेंझोपायरीन वेगळे केले. हे बहुचक्रीय हायड्रोकार्बन, म्हणजे कार्बनच्या अनेक जोडकड्यांनी बनलेले संयुग, शरीरात शिरल्यावर अधिक क्रियाशील रूप घेऊन डीएनएला चिकटते आणि जनुकात बिघाड घडवते. 1940 च्या दशकात आयझॅक बेरेनब्लम व इतरांनी उंदरांवर दाखवले, की अशा संयुगाची अल्प मात्रा एकटी पुरत नसली, तरी तिच्यानंतर जमालगोट्याचे तेल वारंवार लावल्यास गाठी उगवतात. पहिला पदार्थ पेशीत बिघाडाचे बीज टाकतो आणि दुसरा ती पेशी वाढवतो.

हीच द्विस्तरीय पद्धत पुढे मायक्रोआरएनएच्या अभ्यासाला उपयोगी पडली. मायक्रोआरएनए म्हणजे सुमारे बावीस घटकांची आरएनएची आखूड साखळी. ती स्वतः प्रथिन घडवत नाही, तर जनुकाकडून आलेल्या संदेशवाहक आरएनएला जोडली जाऊन त्यापासून होणारी प्रथिननिर्मिती रोखते. व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकन यांनी 1993 मध्ये एका सूक्ष्म कृमीत तिचे कार्य उलगडले आणि 2024 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मानवी त्वचेच्या शल्कपेशी कर्करोगात, म्हणजे वरच्या थरातील चपट्या पेशींपासून उद्भवणाऱ्या कर्करोगात, मिर-21 ही साखळी वाढलेली आढळते. वाढीला आवर घालणाऱ्या पीडीसीडी-4 सारख्या प्रथिनांची निर्मिती ती कमी करते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, मिर-21 नसलेल्या उंदरांच्या त्वचेवर काजळीतील संयुगांच्याच कुळातील रसायन आणि जमालगोट्यातील द्रव्य लावले, तेव्हा गाठी कमी आल्या. याउलट, त्वचेच्या पेशींना विभाजन थांबवून परिपक्व व्हायला लावणारी मिर-203 या कर्करोगात घटलेली दिसते.

पॉट यांनी काजळीकडे बोट दाखवल्यापासून पेशीतील या नियंत्रकांपर्यंत पोहोचण्यास दोन शतकांहून अधिक काळ लागला. तरीही युरोपातील कामगार पाणी, साबण व पोशाख एवढ्यावरच वाचले होते, तेही रेणूंचे नाव कोणाला ठाऊक नसताना. रोगाची यंत्रणा उलगडल्याने उपचारांच्या नव्या वाटा सापडू शकतात. प्रतिबंधासाठी मात्र कारण ओळखणे पुरेसे असते आणि त्यानंतरचा विलंब हा विज्ञानाचा नसून समाजाचा असतो, हे इंग्लंडमधील त्या शंभर वर्षांनी दाखवून दिले.