डाइव्ह कॉम्प्युटर घेताना काय बघाल?

बुऱ्हाणपूर : तारकर्लीला एकदाच हौसेने स्कुबा करायचा असेल, तर डाइव्ह कॉम्प्युटर घेऊ नका, प्रशिक्षक सोबत असतो. कोर्स करून पुढेही डाइव्ह करणार असाल, तर मात्र प्रत्येकाच्या मनगटावर स्वतःचा हवा, जोडीदाराचा चालत नाही.

हे यंत्र खोली आणि वेळ मोजून शरीरात किती नायट्रोजन विरघळला याचा हिशेब ठेवते. त्या खोलीवर अजून किती मिनिटं थांबता येईल ते सांगते. फार वेगाने वर आलात, की इशारा देते.

घेताना पाहा : मोठे, स्पष्ट आकडे, चार्ज होणारी किंवा घरी बदलता येणारी बॅटरी, हवा आणि नायट्रॉक्स दोन्हींची सोय. सिलिंडरचा दाब दाखवणारं महागडं मॉडेल सुरुवातीला नको, दाब साध्या गेजवरही दिसतो.

आपल्याकडच्यांसाठी खरा मुद्दा परतीचा. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास विमानात बसू नये. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत त्रास होऊ शकतो. सुमारे ६०० मीटरपेक्षा उंच घाटालाही हाच नियम. आंबोली जवळपास ६९० मीटरवर आहे. म्हणून ‘नो-फ्लाय’ वेळ दाखवणारं मॉडेल घ्या आणि शेवटच्या डाइव्हनंतर एक मुक्काम किनाऱ्यावरच करा.