प्रवेश मिळाला, शिकवण्याचे काय?

१९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान-तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. दार उघडले. १९६५ मध्ये तंत्रशिक्षकांना अध्यापन शिकवणारी संस्था भोपाळला निघाली. महाराष्ट्र तिच्याच कक्षेत. १९७० पासून गुणवत्ता सुधार कार्यक्रमातून अभियांत्रिकीचे प्राध्यापक एम.टेक., पीएच.डी.साठी आयआयटीत जाऊ लागले. सोलापुरात १९८३ मध्ये वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभी राहिली.

पण पदवी वाढली म्हणून शिकवणे सुधारतेच असे नाही. विडी कामगाराची, मराठी माध्यमातली पोरे गणिताच्या एम-थ्री पेपरात अडकली, की 'कोट्यातले' हा शिक्का तयारच! आम्ही विचारतो, नापास नेमके कोण? शिक्षकाला शिकवायला शिकवा, ही मागणी आरक्षणाइतकीच आंबेडकरी आहे. ती आपणच लावून धरू.

जय भीम!