मताला जमिनीचा आधार मागणारा थॅडियस स्टीव्हन्स

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्या लोकांत आपण लिंकनपुढे जात नाही. थॅडियस स्टीव्हन्स वाचायला हवा.

१७९२ साली व्हरमाँटमधल्या गरीब घरात, अधू पायाने जन्मलेला हा माणूस पेनसिल्व्हेनियात नावाजलेला वकील झाला. १८२१ मध्ये त्याने एका गुलाम-मालकाची बाजू लढवली आणि जिंकली. चॅरिटी बटलर ही स्त्री पुन्हा गुलामीत गेली. त्याचे चाहते हे सांगायचे टाळतात, आपण टाळू नये. कारण पुढे हाच वकील पळून आलेल्या गुलामांसाठी कोर्टात उभा राहिला. १८३८ च्या राज्यघटनेने काळ्यांचा मताधिकार काढला, तेव्हा त्याने तिच्यावर सही केली नाही.

काँग्रेसमध्ये चौदाव्या दुरुस्तीसाठी झटणाऱ्यांत तो पुढे होता. त्या दुरुस्तीतले ‘कायद्याचे समान संरक्षण’ आज आपल्या कलम १४ मध्ये आहे.

पण त्याचे खरे मोठेपण जमिनीच्या मागणीत आहे. बंडखोर बड्या जमीनदारांच्या जमिनी जप्त करा, मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्या, असे तो १८६५ पासून मांडत होता. गुलामीविरोधी म्हणवणारा त्याचा स्वतःचा पक्षच इथे मागे सरला. मालमत्तेचा प्रश्न आला की पुरोगामी असेच गप्प होतात! १८६८ मध्ये तो वारला. मुक्त झालेली असंख्य कुटुंबे गोऱ्यांच्याच शेतात वाट्याने राबत राहिली, आणि पुढे दक्षिणेत त्यांचे मतही हिरावले गेले.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करा, असे मागितले होते. संविधानात ते आले नाही.